तळ्यासाठी लो रेंज फॉस्फेट टेस्ट किट: घ्यावं का, आणि घेतलं तर सॅम्पल कुठून भरावं

तळं हिरवंगार झालं, वास यायला लागला की लोक आधी शेवाळ मारायचं औषध नाहीतर कारंजं शोधायला लागतात, मी तर म्हणेन त्याच्या आधी पाण्यातला अगदी थोडा फॉस्फेटही (म्हणजे फॉस्फरस आणि ऑक्सिजन मिळून बनलेलं रूप) दाखवणारं हे किट घ्या. गोड्या पाण्यात शेवाळाला बहुतेक वेळा अडवून धरणारी गोष्ट म्हणजे फॉस्फरस, आणि तो कुठून येतोय हेच माहीत नसेल तर औषधाचा परिणाम ओसरला की शेवाळ परत हजर. 1973 मध्ये कॅनडात लेक 226 नावाचं तळं मधोमध पडदा लावून दोन भागात विभागलं होतं, एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन घातलं, दुसऱ्या बाजूला तेच आणि वर फॉस्फरस, तर हिरवी झाली ती फॉस्फरसवालीच बाजू. 1 किलो फॉस्फरसवर साधारण 100 किलो सुकं शेवाळ होऊ शकतं, म्हणजे थोडा जरी अडवला तरी केवढा फरक पडेल बघा.

किट वापरायला सोपं आहे. ट्यूबमध्ये पाणी घ्यायचं, रिएजंट म्हणजे रंग आणणारं रसायन टाकायचं, हलवायचं, पुस्तिकेत दिलेली मिनिटं थांबायचं आणि जो निळा रंग येईल तो कार्डाशी जुळवायचा. वेळ मात्र नीट पाळा, जास्त थांबलं की रंग पुढे सरकतो. घेताना लो रेंजच बघून घ्या, कारण माशांच्या टाकीसाठी मिळणाऱ्या बऱ्याच किटमध्ये शून्यानंतरची पहिली पायरी लिटरमागे 0.25 मिलिग्रॅमची असते आणि तळ्यासाठी ती खूपच वरची झाली, लिटरमागे 0.035 मिलिग्रॅम फॉस्फरसच्या पुढे गेलं की तळं अतिपोषित, म्हणजे शेवाळाला खाद्य जास्त झालेलं, धरतात. अजून एक, कार्डावरचा आकडा फॉस्फेटचा आहे की फॉस्फरसचा ते आधी वाचा. फॉस्फेटचा असेल तर 3.06 ने भागायचं, नाहीतर दोन जणांची रीडिंग कधीच जुळणार नाहीत आणि उगाच वाद होतात.

आता मुख्य मुद्दा, सॅम्पल कुठलं घ्यायचं. तळ्याच्या मधलं पाणी घेऊन रीडिंग जवळजवळ शून्य आलं म्हणून खूश होणारे बरेच बघितलेत, आणि तळं तर समोर हिरवं दिसतंय! हे किट फक्त पाण्यात विरघळलेला फॉस्फेट दाखवतं, शेवाळाने जो खाऊन अंगात साठवलाय तो दाखवतच नाही, त्यामुळे शेवाळ भरात असताना मधल्या पाण्याचं रीडिंग कमी येणं अगदी साहजिक आहे. किटचा खरा उपयोग तळ्यात येणाऱ्या प्रत्येक नाल्यावर, पाइपवर, पाझरावर. मी प्रत्येक तोंडाचं पाणी वेगळं तपासलं तर सगळ्यात गडद निळा रंग आला तो दिसायला एकदम नितळ असलेल्या पाण्याला, आणि गढूळ नाला त्या मानाने फिका. यात नवल नाही खरंतर, साधी प्रक्रिया करून सोडलेलं सांडपाणी दिसायला स्वच्छ असतं पण त्या प्रक्रियेत फॉस्फरस फारसा निघत नाही. फक्त गडद रंगावरही थांबू नका, बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजून प्रवाह काढा आणि रीडिंगला गुणा, तेव्हा कळतं की खरा भार कुठून येतोय. बारीक धारेतलं गडद पाणी आणि मोठ्या नाल्यातलं फिकं पाणी यात कधीकधी मोठा नालाच जास्त आणतो. अमेरिकेत सिएटलच्या लेक वॉशिंग्टनमध्ये येणारं सांडपाणी 1963 ते 1968 मध्ये दुसरीकडे वळवलं आणि तळं काही वर्षांत सुधारलं, तिथे औषधाने नाही तर येणारी वाट बंद केल्याने झालं ते.

किटची मर्यादा पण सांगते. मातीच्या कणांना चिकटून येणारा फॉस्फरस यात दिसत नाही, आणि जोराच्या पावसात शेतातून, मोकळ्या जमिनीवरून येणारा बराचसा तसाच येतो. गढूळ नाला फिका दिसला म्हणून त्याला सोडून देऊ नका, त्याचं सॅम्पल लॅबला देऊन टोटल फॉस्फरस, म्हणजे विरघळलेला आणि कणांना चिकटलेला सगळा मिळून, काढून घ्या. तसंच सगळी तोंडं स्वच्छ निघाली तर वजन बांधलेल्या बाटलीने तळाजवळचं पाणी काढून तपासा, खाली ऑक्सिजन संपला की गाळात लोहाला धरून बसलेला फॉस्फेट सुटून वर येतो. तिथे गडद निळं आलं तर नाला कितीही अडवला तरी गाळाचं काहीतरी करावंच लागणार.

तक्रारी दोन. बॉक्समध्ये फिल्टर नाही, आणि गढूळ पाणी गाळल्याशिवाय रंग ओळखूच येत नाही, सिरिंजचा फिल्टर वेगळा आणावा लागतो. दुसरी म्हणजे कार्डावरच्या पहिल्या दोन निळ्या छटा इतक्या जवळच्या आहेत की ट्यूब लाइटखाली फरक कळत नाही, दिवसा सावलीत पांढऱ्या कागदावर धरून बघा.

ट्यूब साबणाने अजिबात धुवू नका, साबणात फॉस्फेट असेल तर पुढचं रीडिंग खोटं येईल, डिस्टिल्ड पाण्याने खळबळून ठेवा. रिएजंटमध्ये ॲसिड असतं, हातमोजे घाला आणि तपासून झालेलं पाणी तळ्यात ओतू नका, वेगळ्या बाटलीत साठवून सॅम्पल देता त्याच लॅबला विल्हेवाटीचं विचारा.