सहा व्होल्टचा छळ: सीसीकेडब्ल्यू चॅसीपासून उभा केल्यानंतरचे आठ महिने

गेल्या महिन्यात एका चढावर माझ्या सीसीकेडब्ल्यूचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जीएमसीच्या अमेरिकी लष्करी ट्रकचं, इंजिन बंद पडलं आणि पुन्हा सुरू होईना. पायाखालचं सेल्फचं पेडल दाबलं की दोन जड सुस्कारे आणि मग नुसतं टक्. मागे गाड्यांची रांग, रस्त्यात पाच टनांचं धूड आणि मी पुढे बंपरमधून इंजिन हाताने फिरवायचं हँडल घालून उभा. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, एवढंच त्या क्षणी डोक्यात होतं, कारण इंजिनने उलटा झटका दिला तर आधी अंगठा जातो. तिसऱ्या फेरीला इंजिन लागलं. अशी ही चौथी वेळ. त्याच रात्री हे लिहायला घेतलं, त्यामुळे पहिला अर्धा भाग रागाचा आहे. पुढे मत बदललं, पण आधीचं खोडलेलं नाही.

गाडी १९४३ ची, ३५३ म्हणजे लांब व्हीलबेसची, बंद केबिनवाली. बाकी आकडे इथे वाचणाऱ्यांना पाठ असतील. केबिन, हौदा, इंजिन, अ‍ॅक्सल, सगळं उतरवून नुसती चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, घोड्यांवर ठेवली होती. आडव्या मेंबरच्या जोडात गंज असा फुगला होता की दोन पत्र्यांमध्ये पाचर ठोकल्यासारखं दिसत होतं. लोखंडाचा गंज झाला की तो कित्येक पट जागा मागतो, आणि जागा मिळाली नाही तर जाड पत्राही वाकवतो. ते रिव्हेट तोडले, भोकं रीमरने गोल साफ केली, घट्ट बसणारे बोल्ट घातले. प्रत्येक ब्रॅकेट, प्रत्येक पट्टी, स्प्रिंगच्या पाट्यांचा प्रत्येक हँगर वेगळा काढून सँडब्लास्ट केला, वर इपॉक्सी प्रायमर आणि रंगाचे दोन हात. मग जोडणी. जुने गंजके वॉशर काढून सगळीकडे नवे चकचकीत घातले. चॅसी इतकी देखणी झाली होती की वर केबिन ठेवायचं जिवावर आलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चालवण्याबद्दल थोडक्यात. सहा सिलिंडरचं २७० घनइंची इंजिन खालच्या आरपीएमलाही न कुरकुरता ओढतं. गिअरबॉक्सला डबल क्लच लागतो, म्हणजे एक गिअर बदलायला क्लच दोनदा दाबायचा; हात बसायला महिना गेला. चौथा गिअर डायरेक्ट, पाचवा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेग जास्त पण ओढ कमी. चढ दिसला की पाचवा विसरायचा. कागदावरचा वेग ताशी ७२ किलोमीटर, मी ५५ च्या वर नेत नाही, कारण त्यापुढे माझंच बोलणं मला ऐकू येत नाही. पेट्रोल शंभर किलोमीटरला पस्तीस लिटरच्या आसपास. टाकी दीडशे लिटरची असल्यामुळे हा आकडा एकरकमी कळतो, आणि तो दिवस वाईट जातो. दहा टायरांच्या हवेबद्दल एकच सांगतो: रिंग लावलेलं चाक पिंजऱ्याशिवाय फुगवू नका, रिंग सुटली तर गोळीसारखी उडते. ब्रेकला व्हॅक्यूमची मदत आहे, ती चालू इंजिनकडून मिळते. इंजिन बंद पडलं की उरलेली मदत दोन-चार वेळा पेडल दाबेपर्यंत संपते आणि नंतर पेडल दगड होतं. म्हणून चढावर इंजिन बंद पडणं नुसतं लाजिरवाणं नाही, धोक्याचंही आहे.

आणि सगळं येऊन अडतं त्या सहा व्होल्टवर. आजच्या गाड्यांसारखी बारा नव्हे, या गाडीची सगळी वीज सहा व्होल्टची. सकाळी थंड इंजिन कसंबसं लागायचं. तासभर चालवून बंद केलं की मात्र सेल्फ त्याला फिरवायला तयार नाही. नवी बॅटरी घेतली. दोन महिन्यांनी दुसरी घेतली. सेल्फ दोनदा दुरुस्तीला दिला. पहिल्यांदा बुश आणि कार्बन बदलून आला, फरक शून्य. दुसऱ्यांदा दुरुस्तीवाल्याने तो टेबलावर बांधून माझ्यासमोर फिरवून दाखवला, अगदी गरगर. "सेल्फमध्ये काही नाही, गाडीत बघा," म्हणाला. मी चिडलो. चॅसीचा नट न् नट माझ्या हाताखालून गेलाय आणि हा मला गाडीत बघायला सांगतो! बरंच बोललो. बिल भरलं, पण एक रुपया सुट्टा नाही म्हणून तो बुडवायला विसरलो नाही.

सगळ्यांचा सल्ला एकच होता, बारा व्होल्ट कर आणि मोकळा हो. म्हणून यादी केली. बॅटरी, जनरेटर, रेग्युलेटर, कॉइल, सगळे बल्ब, हॉर्न, मीटरसाठी रेझिस्टर. यादीखाली बेरीज मारली आणि वही मिटली. कंजूषपणा म्हणा हवं तर. आजवर मला त्याचा तोटा झालेला नाही.

इथपर्यंत लिहून तीन आठवडे थांबलो होतो. आता वरच्या रागातलं निम्मं मागे घेतो.

यादी मिटल्यावर एक गोष्ट डोक्यात घोळत राहिली. १९४४ मध्ये ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत फ्रान्समध्ये रेड बॉल एक्स्प्रेसच्या, म्हणजे आघाडीवरच्या दोस्त फौजांना रसद पोचवणाऱ्या ताफ्यांच्या, रस्त्यांवर हेच ट्रक रात्रंदिवस पळत होते, आणि ते सहा व्होल्टवरच सुरू होत होते. मग माझाच का नाही? मल्टिमीटर काढला. सेल्फमधून गेलेला करंट इंजिनच्या ब्लॉकमधून आणि चॅसीमधून बॅटरीकडे परततो, त्यालाच अर्थिंग म्हणतात. एक टोक बॅटरीच्या अर्थिंगच्या खुंटावर, दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर, आणि मित्राला पेडल दाबायला सांगितलं. या दोन टोकांमध्ये जवळपास काहीच दिसायला नको. मीटरने १.३ दाखवलं. सहातले सव्वा व्होल्ट परतीच्या वाटेवरच मरत होते.

हिशोब साधा आहे. सेल्फला तेवढीच ताकद द्यायची तर सहा व्होल्टला बाराच्या दुप्पट करंट लागतो. जोडणीतला अडथळा तोच असेल तर व्होल्टेजही दुप्पट पडतं, आणि तेही निम्म्याच शिलकीतून. म्हणजे एकच वाईट जोडणी इथे चौपट जाचते. बारा व्होल्ट केले असते तर हा दोष झाकला गेला असता, गेला नसता.

आणि वाईट जोडणी एक नव्हतीच. इंजिन रबराच्या माउंटिंगवर, म्हणजे ते चॅसीला मुळात भिडतच नाही. भिडवते ती एक पट्टी, आणि ती मी बसवली होती रंगाच्या दोन हातांवर. बॅटरीची अर्थिंग केबलही तशीच. वर ती केबल जुन्या बारा व्होल्टच्या कारमधली उरलेली, बारीक. फुकट होती म्हणून लावली होती.

पण खरी चपराक पुढेच. या गाड्यांच्या बॉनेटवर नंबराच्या शेवटी एस असतो ना, तो वायरलेसला त्रास होऊ नये म्हणून केलेल्या बंदोबस्ताची खूण. त्या बंदोबस्तात काय असायचं, तर जागोजागी विणलेल्या तांब्याच्या पट्ट्या आणि दातेरी वॉशर, जे रंग खरवडून खालच्या लोखंडात रुततात. मी स्टेन्सिल कापून तो एस किती निगुतीने रंगवला होता! आणि ज्यांच्यामुळे तो लिहायचा अधिकार मिळतो ते दातेरी वॉशर गंजके म्हणून काढून, त्यांच्या जागी सपाट चकचकीत घातले होते. सगळे रंगावर.

सुदैवाने मी काही फेकत नाही. पत्र्याचा डबा फडताळाखालीच होता. वॉशर रॉकेलमध्ये रात्रभर भिजवले, तारेच्या ब्रशने घासले, बहुतेकांचे दाते शाबूत निघाले. मग ज्या चॅसीवर केबिन ठेवायला जीव धजत नव्हता, तिचा रंग स्वतःच्या हाताने रुपयाएवढ्या गोलात अकरा ठिकाणी खरवडला. वॉशर, बोल्ट आणि गंज धरू नये म्हणून वरून ग्रीसचा हात. अर्थिंगची केबल मात्र नवी घेतली, अंगठ्याएवढी जाड, आणि आणखी एक थेट बॅटरीपासून इंजिनच्या ब्लॉकला.

आता तीच दोन टोकं ०.२ दाखवतात. परवा चाळीस किलोमीटर ओढून, इंजिन चांगलं तापलेलं असताना मुद्दाम बंद केलं आणि पेडल दाबलं. दुसऱ्या फेरीला लागलं. हेडलाइट पिवळ्याचे पांढरे झाले, ते वेगळंच. मी त्यांनाही आठ महिने जुनाट म्हणून शिव्या देत होतो.

दोन बॅटऱ्यांपैकी पहिली तपासून घेतली, चांगली निघाली. ती आता गॅरेजच्या कोपऱ्यात चार्जरला असते. सेल्फवाल्याकडे गेल्या आठवड्यात जाऊन आलो, केबलच्या टोकांना लग, म्हणजे बोल्टला अडकवायच्या कड्या, दाबून घ्यायचे होते. मीटरची गोष्ट सांगितली. तो हसला नाही, लग दाबून दिले आणि मागच्या बिलातला राहिलेला एक रुपया मागितला.