परस्पर-मदत गटासाठी वायरलेस: डीएमआर की साधा अ‍ॅनालॉग?

बडोद्याच्या आसपासच्या एखाद्या औद्योगिक वसाहतीत तुमचा कारखाना असेल आणि शेजारच्या चार-पाच कारखान्यांशी मिळून परस्पर-मदतीचा गट करायचे घाटत असेल, तर बंब, फोम आणि श्वसनयंत्रांची यादी एका बैठकीत तयार होते. घोडे अडते ते वायरलेसवर. प्रत्येकाकडे आधीचे कुठले तरी सेट असतात, प्रत्येकाचा विक्रेता वेगळा असतो आणि आपलाच प्रकार सर्वांनी घ्यावा असे प्रत्येकाला वाटते. कारखान्याच्या सुरक्षा विभागात असताना हा निर्णय मला दोनदा घ्यावा लागला, एकदा घाईने आणि काही वर्षांनी सावकाश. दोन्ही वेळा उत्तर वेगळे आले.

अमेरिकेतील पी-25 आणि युरोपातील टेट्रा ही डिजिटल वायरलेसची मानके मुख्यतः सार्वजनिक सुरक्षेसाठी घडवली गेली, त्यामुळे कागदावर ती सर्वांत योग्य दिसतात. पण टेट्राचा खरा लाभ शहरभर जाळे उभारल्यावर मिळतो, जसे 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीत उभारले गेले होते. पाच कारखान्यांच्या गटाने त्या वाटेला जाऊ नये असे मला वाटते. सिमकार्डावर चालणाऱ्या पीटीटी (बटण दाबून बोलायच्या) सेटचा मोह मात्र खरा असतो, कारण त्यांना ना रिपीटर (लहर पकडून पुढे पाठवणारे यंत्र) लागतो ना मोठा खर्च. ऑगस्ट 2024 मध्ये बडोद्यात काळा घोड्यापाशी विश्वामित्री नदी 26 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 35 फुटांच्याही वर गेली, तेव्हा आमच्या भागात दुसऱ्या दिवशी मोबाइलची रेंज येत-जात होती. टॉवर बॅटरीवर आणि डिझेलवर तग धरतो, आणि पाण्यातून डिझेल नेणार कोण, हा प्रश्न उरतोच. रोजच्या कामाला हे सेट चांगले आहेत. आपत्तीत केवळ त्यांच्यावर भिस्त ठेवू नये.

म्हणजे व्यवहारात निवड उरते ती डीएमआर (डिजिटल मोबाइल रेडिओ, म्हणजे आवाज आकड्यांत बदलून पाठवणारे मानक) आणि साधा अ‍ॅनालॉग एफएम यांत.

डीएमआरच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. 12.5 किलोहर्ट्‌झच्या एकाच चॅनलवर दोन स्वतंत्र संभाषणे चालतात. सेट निम्माच वेळ प्रक्षेपण करत असल्याने बॅटरी अधिक टिकते. आमच्याकडे रात्रपाळी संपतानाही सेट जिवंत असत, जुन्या सेटांचे तसे नव्हते. रेंजच्या कडेलाही आवाज बराच स्वच्छ राहतो. आणीबाणीचे बटण असते, कोण बोलतो आहे ते पडद्यावर दिसते. पहिल्या वेळी मी डीएमआरच सुचवला आणि गटातील तीन कारखान्यांनी तो घेतला, अर्थात आपापल्या विक्रेत्याकडून. मानक एकच आहे, तेव्हा सेट आपसांत बोलतीलच, अशी माझी समजूत होती. ती अगदीच चुकीची नव्हती, अर्धवट होती.

ज्या एका गोष्टीने माझे मत फिरवले ती एका मॉक ड्रिलमध्ये घडली. सॉल्व्हंटच्या टाकीची गळती असा प्रसंग ठरला होता. शेजारच्या कारखान्याचा बंब फाटकाशी येऊन थांबला आणि कोणत्या बाजूने आत यायचे, वारा कुठून आहे, हे त्यांचा माणूस समाईक चॅनलवर विचारू लागला. बटण दाबल्यावर त्याच्या सेटने नेहमीचा होकाराचा बीप दिला, म्हणून आपले बोलणे पोचते आहे अशी त्याची खात्री होती. माझ्या हातातल्या सेटवर हिरवा दिवा लागत होता, विझत होता, पुन्हा लागत होता; स्पीकर मात्र गप्प. मी आवाज पूर्ण वाढवला, बॅटरी काढून पुन्हा बसवली. शेवटी तो माणूसच धावत आत आला आणि त्याने विचारले, ‘साहेब, संभळातुं नथी?’ (ऐकू येत नाही का?)

दोष कुठल्याच सेटमध्ये नव्हता. फ्रिक्वेन्सी तीच होती, कलर कोडही (चॅनलच्या खुणेचा आकडा) तोच होता. फक्त त्यांच्या विक्रेत्याने नव्याने प्रोग्रामिंग करताना टॉकग्रुपचा (बोलणे कोणत्या गटासाठी आहे ते ठरवणारा) क्रमांक बदलला होता आणि तो क्रमांक आमच्या सेटच्या ऐकण्याच्या यादीत नव्हता. सेटला लहर पोचत होती, पण हे बोलणे तुमच्यासाठी नाही असे ठरवून तो शिस्तीत मुका राहिला. मला खुपले ते हे मुकेपण. अ‍ॅनालॉगवर टोन (बोलण्यासोबत जाणारा खुणेचा सूर, जो जुळला तरच सेटचा स्पीकर उघडतो) न लावता चॅनल उघडे ठेवले, तर बिघाडसुद्धा कानावर येतो: खरखर येते, तुटका शब्द येतो, निदान कोणीतरी हाक मारते आहे एवढे कळते. टोन लावला की अ‍ॅनालॉग सेटही असाच मुका होऊ शकतो. पण तपासायची गोष्ट ती एकच असते, आणि बहुतेक सेटवर एक बटण दाबून टोन बाजूला सारता येतो.

हा अनुभव एकट्या माझा असता तर मी इतक्या आग्रहाने लिहिले नसते. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाने मार्च 2001 मध्ये नवे डिजिटल सेट वापरात आणले आणि एका जवानाची मदतीची हाक ऐकली न गेल्याने ते काही दिवसांतच परत घेतले. पुढे 2008 मध्ये अमेरिकेतील अग्निशमन प्रमुखांच्या संघटनेने डिजिटल सेटबद्दल आणखी एक अडचण मांडली: मास्कचा हवा संपत आल्याचा इशारा किंवा करवतीचा आवाज जवळ असला, की सेटमधील आवाज-संकेतक (बोलणे आकड्यांत बदलणारा भाग) माणसाचे बोलणे ओळखू शकत नाही. अ‍ॅनालॉगवर तो गोंगाट बोलण्यासोबत येतो, डिजिटलवर तो बोलणेच गिळतो. अमेरिकेत वेगवेगळ्या यंत्रणांना एकत्र बोलता यावे म्हणून व्हीएचएफवर राखून ठेवलेली राष्ट्रीय समाईक चॅनल आजही साध्या एफएमवर आणि सर्वांसाठी एकाच 156.7 हर्ट्‌झच्या टोनवर चालतात, हे मला पुरेसे बोलके वाटते.

उलट बाजूही सांगायला हवी. 11 सप्टेंबर 2001 रोजी पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून दिसलेला वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्याचा धोका आतल्या अग्निशमन जवानांपर्यंत थेट पोचला नाही, कारण दोन्ही दलांची चॅनल वेगळी होती आणि दोघांना जोडणारी व्यवस्थाही नव्हती. जवानांचे सेट त्या दिवशी अ‍ॅनालॉगच होते. तेव्हा अ‍ॅनालॉग घेतला म्हणजे गट जोडला गेला असे कोणी समजू नये.

दुसऱ्या वेळी आम्ही दोन्ही प्रकारांत चालणारे सेट घेतले. कारखान्याच्या आतले रोजचे काम ज्याने त्याने डीएमआरवर, हवे तसे, चालवावे. पण सोळावे चॅनल सर्वांच्या सेटमध्ये अ‍ॅनालॉग, एकाच फ्रिक्वेन्सीचे, रिपीटरशिवाय थेट बोलणारे आणि एकाच नावाचे. आमच्या सेटची कळ शेवटपर्यंत फिरवली की सोळा येते, आणि हातमोजे घालून, अंधारात, पडद्याकडे न पाहता ते जमते. तुमचा गट एकाच मालकाचा असेल आणि सर्व सेटांचे प्रोग्रामिंग एकाच माणसाच्या हाती राहणार असेल, तर निव्वळ डीएमआरनेही भागेल. पण बडोद्यात तसे गट मी फारसे पाहिले नाहीत.

समाईक चॅनल प्रत्येक सभासदाच्या परवान्यात यावे लागते, आणि डब्ल्यूपीसीचा (वायरलेसचे परवाने देणाऱ्या केंद्रीय कार्यालयाचा) कागद सेटच्या खोक्यांपेक्षा सावकाश येतो. म्हणून अर्ज आधी करावा, खरेदी नंतर. विक्रेता प्रोग्रामिंग करून गेला की त्याच दिवशी शेजारच्या फाटकाशी जाऊन सोळावर हाक मारून पाहावी. आम्ही दर सोमवारी सकाळी दहाला हजेरी घेतो. मागच्या वेळी एका कारखान्याचा आवाज एवढा खरखरत होता की नाव तीनदा विचारावे लागले, आणि दुपारपर्यंत त्यांची अँटेना बदलून झाली.