४०० वॉटचा वाढ-दिवा संच: सोडियम दिव्यासाठी उत्तम, मेटल हॅलाइडसाठी धोक्याचा

तळेगाव दाभाडेच्या परिसरात माझी छोटी रोपवाटिका आहे. पावसाळ्यात मावळात कित्येक दिवस सलग ऊन पडत नाही आणि ट्रेमधील ढोबळी मिरचीची व टोमॅटोची रोपे उजेडाच्या ओढीने लांबट आणि नाजूक होतात. गेल्या पावसाळ्यात १० बाय ८ फुटांच्या एका खोलीत मी त्यांच्यासाठी दिव्यांची सोय केली. त्यासाठी ऑनलाइन मागवलेल्या ४०० वॉटच्या संचाचे हे परीक्षण आहे. संचात तांब्याच्या वेटोळ्याचा चोक (प्रवाह आवरणारा), इग्नायटर (दिवा पेटवणारा), कपॅसिटर, ई-४० मापाचा, म्हणजे मोठ्या आट्यांचा होल्डर बसवलेला ॲल्युमिनियमचा उघडा परावर्तक आणि दोन दिवे होते: वाढीच्या काळासाठी मेटल हॅलाइड आणि फुलोऱ्यासाठी सोडियम. एकूण किंमत ६,८०० रुपये होती. रोज १४ तास याप्रमाणे चार महिने वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की सोडियम दिव्यासह हा संच घेण्याजोगा आहे, परंतु सोबत आलेला मेटल हॅलाइड दिवा या चोकवर कोणीही लावू नये.

दोन्ही दिव्यांच्या खोक्यावर ४०० वॉट लिहिले आहे आणि चोकवरही ४०० वॉट लिहिले आहे, म्हणून जोडी जुळली असे वाटणे स्वाभाविक आहे. मलाही सुरुवातीला तसेच वाटले होते. मात्र वायूतून वीज वाहवून प्रकाश देणाऱ्या दिव्याची गोष्ट साध्या बल्बपेक्षा मुळातच वेगळी असते. बल्बची तार तापली की तिचा रोध वाढतो आणि प्रवाह आपोआप मर्यादेत राहतो. वायूच्या नळीत उलट घडते, प्रवाह वाढला की रोध कमी होतो आणि प्रवाह आणखी वाढतो. हा प्रवाह आवरून धरणारी वस्तू म्हणजे चोक. दिव्याला किती अँपिअर मिळणार हे दिव्याच्या नावावरून नव्हे, तर मुख्यतः चोकवरून ठरते. ४०० वॉटच्या सोडियम दिव्याला साधारण १०० व्होल्ट आणि ४.६ अँपिअर लागतात. माझ्या संचातील मेटल हॅलाइड दिव्याच्या खोक्यावर मात्र ३.२५ अँपिअर छापलेले होते, कारण तो जुन्या, पाऱ्याच्या वाफेवर चालणाऱ्या दिव्यांच्या चोकवर चालण्यासाठी बनवलेल्या प्रकारातला आहे. सोडियमच्या चोकवर चालतील असे मेटल हॅलाइड दिवेही बाजारात मिळतात. त्यांच्या खोक्यावर तसे स्पष्ट लिहिलेले असते. हा त्यांपैकी नव्हता.

मोजमाप सुरू करण्याआधीच एक वेगळा दोष हाती लागला. चोकवर २२०, २३० आणि २४० व्होल्ट अशी तीन टोके होती आणि विक्रेत्याने फेजची तार २२० च्या टोकाला जोडून पाठवली होती. माझ्याकडे दिवसा २३५ व्होल्ट असतात, तर रात्री अकरानंतर, आसपासचे पंप बंद झाले की, २४५ पर्यंत जातात. त्या अवस्थेत सोडियम दिव्याच्या तारेवर क्लॅम्प मीटरने (तारेभोवती चिमट्यासारखा लावून प्रवाह मोजणाऱ्या मीटरने) ५.२ अँपिअर दाखवले आणि चोकला हात लावून ठेवणे अशक्य झाले. तार २४० च्या टोकाला हलवल्यावर प्रवाह ४.५ अँपिअरवर आला. हा संच ज्यांनी घेतला असेल त्यांनी इतर काही करण्याआधी मेन स्विच बंद करून हे टोक तपासावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पुढची सर्व मोजमापे या दुरुस्तीनंतरची आहेत.

मोजताना मीटर कोणत्या तारेवर लावला आहे याकडेही लक्ष ठेवावे लागते. कपॅसिटर पुरवठ्याच्या बाजूला समांतर जोडलेला असतो आणि तो शक्तिगुणांक (पॉवर फॅक्टर) सुधारतो, म्हणजे चोकमुळे पुरवठ्यातून ओढला जाणारा जादा प्रवाह कमी करतो, त्यामुळे प्लगकडे येणाऱ्या तारेवर जेमतेम २.२ अँपिअर दिसतात, तर चोककडून दिव्याकडे जाणाऱ्या तारेवर त्याच क्षणी ४.५ अँपिअर वाहत असतात. पहिल्या दिवशी मी प्लगची तार मोजली आणि सारे आटोक्यात आहे अशी माझी समजूत झाली. दिव्याच्या तारेवर मेटल हॅलाइड लावून मोजले तेव्हा ४.१ अँपिअर मिळाले, म्हणजे खोक्यावरील आकड्याच्या सव्वापट. सोडियम दिव्यावर संपूर्ण संच ४३५ वॉट घेत होता. मेटल हॅलाइडवर तो ५०० वॉट घेऊ लागला. चोकमध्ये उष्णतेच्या रूपाने जाणारे सुमारे ३५ वॉट वजा केले तरी ४०० वॉटच्या दिव्यावर ४६० वॉटहून अधिक भार पडत होता.

याचा परिणाम केवळ दिव्याचे आयुष्य घटण्यापुरता नाही. मेटल हॅलाइडच्या आतील क्वार्ट्झची नळी तापलेल्या स्थितीत मोठ्या दाबाखाली असते आणि ती फुटली तर तिचे तप्त तुकडे बाहेरची काच भेदून खाली पडू शकतात. म्हणूनच असे अनेक दिवे फक्त काचबंद दिवाघरात वापरावेत अशी सूचना खोक्यावर असते, आणि या खोक्यावर ती होती. संचातील परावर्तकाला मात्र काच नाही. त्याच्या खाली प्लॅस्टिकचे ट्रे, कोकोपीट आणि बहुतेक वेळा वाकून काम करणारी बाई असते. शिवाय बाहेरची काच फुटूनही आतली नळी जळत राहिली, तर डोळ्यांना आणि त्वचेला अपायकारक अतिनील किरणे थेट बाहेर येतात. एकच चोक, उघडा परावर्तक आणि दोन दिवे अशी विक्री करणाऱ्याने निदान हे खोके वाचायला हवे होते.

मी विक्रेत्याला फोन केला. “मॅडम, चारशे म्हणजे चारशेच. दोन्ही चालतात, लोक वापरतात,” असे उत्तर मिळाले. दिवा पेटतो, म्हणून तो चालतो, एवढाच त्यांचा निकष होता. मेटल हॅलाइड दिवा परत घेऊन त्यांनी त्याचे पैसे दिले, हे मी नोंदवते. पण जाहिरातीतील मजकूर अजून तोच आहे आणि मला सर्वांत जास्त खटकते ते हेच.

याउलट अनुभव पुण्यात आला. तपकीर गल्लीतील एका जुन्या दुकानात मी ४०० वॉटचा मेटल हॅलाइडचा चोक मागितला, तेव्हा काउंटरवरच्या काकांनी चोक काढण्याआधी विचारले, “ताई, दिव्याचं खोकं आणलंय का? नुसता वॅट सांगू नका, अँपिअर सांगा.” मोबाइलमधील खोक्याचा फोटो पाहून त्यांनी ३.२५ अँपिअरचा चोक दाखवला, सोबत त्याला जुळणारा इग्नायटर ठेवला आणि काचबंद दिवाघर नसेल तर काहीच घेऊ नका असेही सांगितले. त्या दिवशी मी काहीच घेतले नाही, तरीही त्यांनी अर्धा तास दिला.

इग्नायटरबद्दल या संचाला मी मध्यम गुण देईन. सोडियम दिवा पेटवण्यासाठी काही हजार व्होल्टचे अतिशय अल्पकालीन धक्के लागतात आणि ते इग्नायटर देतो. संचातील इग्नायटर तीन तारांचा, दिव्याच्या तारेत मालिकेत बसणारा आहे. या प्रकारात इग्नायटर दिव्याच्या जवळ हवा, कारण लांब तारेची धारकता, म्हणजे वीज साठवून धरण्याचा गुण, हे धक्के गिळून टाकते. विक्रेत्याने पाच मीटरची केबल दिली होती. त्यामुळे दिवा कधी पेटे, कधी नुसता फडफडे. इग्नायटर परावर्तकापासून एक मीटरवर आणला आणि तक्रार संपली. त्यात वेळेची मर्यादा नाही, हा खरा उणेपणा आहे: दिवा निकामी झाला तरी तो धक्के देतच राहतो आणि होल्डरच्या व तारेच्या आवरणावर ताण येतो. होल्डर मात्र चिनी मातीचा असून त्यावर ५ किलोव्होल्टची खूण आहे. ही गोष्ट समाधानाची.

चोकचे काम चांगले आहे. त्यावर टीडब्ल्यू १३० अशी खूण आहे, म्हणजे वेटोळे १३० अंश सेल्सिअसपर्यंत दीर्घकाळ टिकावे अशी त्याची बांधणी आहे. गुणगुण ऐकू येते, पण बंद खोलीत ती त्रासदायक नाही. मी तो लाकडी फळीवरून काढून भिंतीला, पत्र्याच्या पट्टीवर बसवला, कारण सोडियम दिवा आयुष्याच्या शेवटी कधीकधी एकाच दिशेने प्रवाह सोडू लागतो आणि तेव्हा चोक नेहमीपेक्षा खूपच तापतो. उष्णतेने आपोआप तुटणारा स्विच या चोकमध्ये नाही. ४०० रुपये जास्त घेऊन तो दिला असता तर मी आनंदाने दिले असते. परावर्तकाला अर्थिंगची तारही नव्हती. रोज पाणी फवारल्या जाणाऱ्या खोलीत धातूचे अंग अर्थिंगशिवाय ठेवणे हा निष्काळजीपणा आहे. कपॅसिटरला त्यात साठलेली वीज उतरवणारा रोधक आहे, तरीही प्लग काढल्यावर मिनिटभर टोकांना हात लावू नये.

काही ओळखीच्या रोपवाटिकाधारकांनी चोकऐवजी त्याचेच काम करणारा इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट घेण्याचा सल्ला दिला. तो हलका असतो, आवाज करत नाही आणि पुरवठ्यातील चढउतार सांभाळतो, हे मला मान्य आहे. परंतु तिथेही जोडी पाहावीच लागते. उच्च वारंवारतेवर चालणाऱ्या बॅलास्टवर सिरॅमिक मेटल हॅलाइड (क्वार्ट्झऐवजी सिरॅमिकची नळी असलेला, बहुधा ३१५ वॉटचा) दिवा लावला तर नळीतील वायूत ध्वनीचा अनुनाद, म्हणजे वाढत जाणारी कंपने, निर्माण होऊन ज्योत वाकडी होते आणि नळी तडकू शकते. त्या दिव्यांना कमी वारंवारतेचा चौरस तरंग देणाराच बॅलास्ट हवा. दोन्ही टोकांना जोडणी असलेल्या १००० वॉटच्या सोडियम दिव्याचे नेमके उलट आहे, तो उच्च वारंवारतेच्या बॅलास्टसाठीच बनलेला असतो. ४००–६०० असे बटण असलेल्या बॅलास्टवर ४०० चा दिवा लावून बटण ६०० वर ठेवण्याची चूकही सहज होते. अमेरिकेतील नातेवाइकांकडून चोक मागवणाऱ्यांनी वारंवारता पाहावी: ६० हर्ट्झसाठी बनवलेला चोक आपल्या ५० हर्ट्झवर प्रवाह सुमारे एक पंचमांशाने अधिक सोडतो.

रस्त्यांवरचे दिवे २०१५ नंतर मोठ्या प्रमाणावर एलईडीचे झाले आणि उतरवलेले सोडियमचे चोक भंगारात स्वस्त मिळू लागले. पाऊस खाल्लेले, वार्निश सुटलेले ते चोक दमट खोलीत वापरणे मला योग्य वाटत नाही, म्हणून त्यांच्या तुलनेत या संचातील नवा चोक मी महाग मानत नाही.

रोपांचा निकाल चांगला आहे. सोडियमच्या पिवळसर प्रकाशात चार बाय चार फुटांच्या जागेतील मिरचीची रोपे जाड खोडाची झाली. नारिंगी उजेडामुळे पानांचा खरा रंग दिसत नाही, म्हणून कीड पाहण्यासाठी साधी ट्यूब वेगळी लावावी लागते. वीज जाऊन आली तर सोडियम दिवा एक-दोन मिनिटांत पुन्हा पेटतो, तर मेटल हॅलाइडला दहा ते पंधरा मिनिटे थंड व्हावे लागे. सध्या सोडियम दिव्याचे सुमारे १,७०० तास झाले आहेत. दिवा जुना होत जातो तसे त्याचे व्होल्टेज वाढते, प्रवाह घटतो आणि शेवटी तो पेटून, विझून, पुन्हा पेटू लागतो. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, दिवा पूर्ण तापल्यावर, मी दिव्याच्या तारेवरील अँपिअर खोलीच्या दारावरच्या तक्त्यात लिहिते. आजची नोंद ४.४ आहे.