पायलट पॅरलल पेन: देवनागरी सुलेखनाच्या रोजच्या सरावाला कितपत उपयोगी?

सुलेखनाचा सराव मोडतो तो बहुतेकदा मांडामांडीमुळे. बोरूची लेखणी तासा, शाई ढवळा, दर दोन-तीन अक्षरांनी दौतीत बुडवा, शेवटी टेबल पुसा. सुट्टीच्या दिवशी हे सगळं छान वाटतं. कामावरून रात्री नऊला घरी आलेल्या माणसाकडे सरावाला अर्धा तास असतो आणि त्यातली दहा मिनिटं मांडण्यातच जातात. जपानी पायलट कंपनीचं पॅरलल पेन ही दहा मिनिटं वाचवतं. टोपण काढलं की लिहायला सुरुवात. रोज बसायचं ठरवलेल्या माणसासाठी एवढा एक गुण पुरेसा आहे. मात्र हे पेन रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनवलंय आणि देवनागरीसाठी हातात घेतल्यावर पहिल्याच पानावर ते जाणवतं.

आधी रचना. नेहमीच्या फाउंटन पेनसारखी चिरलेली निब इथे नाही. धातूच्या दोन सपाट पट्ट्या एकमेकींना समांतर बसवल्या आहेत आणि शाई त्यांच्या फटीतून उतरते. म्हणून सहा मिलिमीटरच्या रुंद टोकालाही शाई सलग मिळते. १.५, २.४, ३.८ आणि ६.० मिमी ही मूळची मापं, टोपणांचे रंग अनुक्रमे लाल, नारिंगी, हिरवा आणि निळा. पुढे ३.० आणि ४.५ ही मधली मापंही आली. खोक्यात शाईची एक काळी आणि एक लाल कार्ट्रिज, निब धुवायचा रबरी फुगा आणि पट्ट्यांच्या फटीत सरकवायचा पातळ प्लास्टिकचा तुकडा मिळतो. हा तुकडा फेकू नका, महिन्याभरात त्याची गरज पडते.

पहिलं पेन ३.८चं घ्या. १.५ मोहात पाडतं, कारण त्याने वहीतल्यासारखं बारीक लिहिता येतं. पण त्या मापात चुका दिसत नाहीत. कोन दहा अंशांनी चुकला तरी अक्षर बरंच वाटतं आणि हाताला तीच चुकीची सवय लागते. ३.८ला काहीच लपत नाही. ६.० दुसरं घ्यावं, मोठ्या अक्षरांसाठी आणि मांडणीसाठी. ते शाई भराभर पितं, एवढं लक्षात असू द्या.

आता मुख्य मुद्दा, कोन. रोमन लिपीत कट निबची (सपाट, रुंद टोकाच्या निबची) धार खालच्या डाव्या बाजूकडून वरच्या उजव्या बाजूकडे कललेली असते. देवनागरीच्या पारंपरिक वळणात ती नेमकी उलटी लागते: वरच्या डावीकडून खालच्या उजवीकडे, साधारण ४५ अंश. बोरू तासताना टोकाला तिरका काप देतात तो याचसाठी. हात नेहमीसारखा राहतो आणि कोन टोकच सांभाळतं. पॅरललचं टोक सरळ कापाचं असल्यामुळे हे काम हाताला आणि कागदाला करावं लागतं.

उजव्या हाताने लिहिणाऱ्यांनी कोपर अंगाजवळ आणावं, म्हणजे पेनची मागची बाजू उजव्या खांद्याकडे न जाता सरळ छातीकडे येईल. मग कागद डावीकडे फिरवावा, म्हणजे ओळीचं उजवं टोक आपल्यापासून लांब, वर जाईल. तीस अंश कागद फिरवून उरलेले पंधरा अंश बोटांत पेन किंचित वळवून साधले की मनगट दुखत नाही. सगळा कोन मनगटातून काढायला गेलं तर दुसऱ्या दिवशी अंगठ्याच्या बुडाशी कळ येते आणि सराव तिथेच थांबतो. डावखुऱ्यांना मात्र इथे चक्क फायदा आहे. त्यांचा हात ओळीच्या खाली असेल तर सरळ कापाची धार आपोआप देवनागरीच्या कोनात पडते. रोमन सुलेखनात अडखळणाऱ्या डावखुऱ्या मुलांना हे पेन देवनागरीसाठी जरूर द्यावं.

कोन बरोबर आहे की नाही, हे एका अधिकच्या खुणेवर तपासता येतं. ३.८ने एक उभी आणि एक आडवी रेघ ओढा. कोन ४५ अंश असेल तर दोन्हींची जाडी सारखीच, सुमारे २.७ मिमी, येते. आडवी जाड आणि उभी बारीक आली तर धार फार उभी धरली गेली आहे. उलट झालं तर फार आडवी. मग एक गोल काढा. त्याची जाडी वर डावीकडे आणि खाली उजवीकडे यायला हवी. वर उजवीकडे आली तर हात रोमनच्या सवयीवर गेला, कागद पुन्हा फिरवा. दंड (अक्षराची उभी रेघ) आणि शिरोरेघ एका जाडीचे असणं, व ची पोटातली वाटी खाली उजवीकडे भरदार होणं, र चा तिरका पाय बारीक उतरणं, हे सगळं या एका कोनातून येतं. निर्णयसागर छापखान्याच्या जुन्या खिळ्यातली अक्षरं भिंगाखाली पाहा, धातूत कोरलेल्या त्या अक्षरातही बोरूचा कोन स्पष्ट दिसतो.

पट्ट्या घासून टोक तिरकं करून घेणारेही आहेत. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका. दोन्ही पट्ट्या एका पातळीत घासल्या गेल्या नाहीत तर शाई एकाच कोपऱ्यातून उतरते आणि पेन वाया जातं.

आखणीसाठी मोजपट्टीऐवजी निबचंच माप वापरा. निबच्या रुंदीचे चौकोन एकावर एक काढायचे. शिरोरेघेपासून पायापर्यंत पाच, वर मात्रा-वेलांटीसाठी तीन, खाली उकारासाठी तीन. ३.८च्या पेनला हे अनुक्रमे १९, ११ आणि ११ मिमी भरतं, म्हणजे ए-४ कागदावर सहा ओळी आणि पानभर साधारण चाळीस अक्षरं. सहा किंवा सात निबांची उंची घेतली तर अक्षर नाजूक होतं, चार घेतली तर ठसठशीत. पण ते पाचवर हात बसल्यानंतर.

कागदाने या पेनचा निकाल बदलतो. झेरॉक्सच्या ७० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागदावर कडा फुटतात आणि दोष पेनला दिला जातो. ९० ते १०० जीएसएमचा गुळगुळीत बॉण्ड कागद सरावाला उत्तम. चित्रकलेच्या कार्ट्रिज कागदाच्या खरखरीत बाजूवर रेघ तुटक येते. कोरडा फटकारा मुद्दाम हवा असेल तेव्हा ती मजा देते, कोन शिकताना नको. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये चांगला कागदही हवेतली ओल धरतो आणि शाई पसरते. पुठ्ठा घालून प्लास्टिकच्या पिशवीत कागद बंद ठेवला की हा त्रास बराच कमी होतो.

शाईबाबत एकच कडक नियम: या पेनात वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक, अ‍ॅक्रिलिक किंवा पोस्टर रंग कधीही भरू नका. फटीत वाळलेला थर पाण्याने सुटत नाही. फाउंटन पेनची साधी शाई चालते. बाटलीतली कॅम्लिनही चालते. रिकामी कार्ट्रिज इंजेक्शनच्या सिरिंजने पुन्हा भरता येते आणि रोज लिहिणाऱ्याचा खर्च तिथेच खूप खाली येतो. मात्र ही शाई पाण्याने विरघळते. चौकटीत लावायचं काम असेल तर त्यावर ओला हात किंवा जलरंगाचा हात फिरवू नका.

नेहमीच्या तक्रारी आणि त्यांची कारणं. रेघेची एक कड स्वच्छ आणि दुसरी दातेरी येत असेल तर टोकाचा एक कोपरा कागदावरून उचलला जातोय. दाब वाढवून उपयोग नाही, दोन्ही कोपरे सारखे टेकतील असं पेन बोटांत जरा फिरवा. रेघेच्या शेवटी शाईचा थेंब साचत असेल तर हात थांबतोय. दंड ओढून झाल्यावर पेन सरळ वर उचलायचं, तिथे टेकवून ठेवायचं नाही. पहिली रेघ कोरडी जात असेल तर टोक क्षणभर पाण्यात बुडवून फडक्याला टिपा आणि रद्दी कागदावर चार आडव्या रेघा मारा. शिरोरेघ देताना अक्षराच्या माथ्याशी काळा डाग पडत असेल तर खालची शाई ओली आहे. पूर्ण ओळ लिहून झाल्यावर पहिल्या अक्षरापासून शिरोरेघ द्या, तोवर ते वाळलेलं असतं. आणि शाई अचानक अडायला लागली की खोक्यातला तो प्लास्टिकचा तुकडा बाजूने फटीत घालून दोनदा सरकवा; कागदाचे तंतू निघतील.

आता हे पेन ज्यासाठी घ्यायचं त्या सरावाबद्दल. ‘३६ डेज ऑफ टाइप’ हा जगभर चालणारा उपक्रम रोमनच्या २६ अक्षरांवर आणि १० अंकांवर बेतलेला आहे. मराठीची ३४ व्यंजनं आणि क्ष, ज्ञ मिळून आकडा नेमका ३६च होतो. रोज एक अक्षर, छत्तीस दिवस, एकच पेन, एकच काळी शाई. रंगाची मुभा या फेरीत नाही, कारण रंग आला की लक्ष वळणावरून उडतं.

क्रम मात्र वर्णमालेचा नको, वळणाचा हवा. पहिल्या आठवड्यात व, ब, क आणि मग प, ष, फ, ण. पुढे ग, म, भ, न, त, य, थ, च, ज, ञ, घ, ध, छ. मग बिनदंडाची ट, ठ, ढ, द आणि ड, ङ, ह, त्यानंतर झ. र, स, ख, श, ल, ळ शेवटाकडे ठेवा आणि सर्वांत शेवटी क्ष, ज्ञ. व ची वाटी जमली की ब आणि क अर्धे जमलेलेच असतात. वर्णमालेच्या क्रमाने गेलं तर क नंतर लगेच ख येतो, त्यातलं र चं वळण अजून हाताला आलेलं नसतं, आणि दुसऱ्याच दिवशी माणूस खट्टू होतो. ल पाकळीचा आणि श देठाचा काढा, मराठीचं वळण तेच आहे. संगणकावर अनेकदा दिसणारा हिंदी वळणाचा ल गिरवू नका.

रोजचा अर्धा तास असा. पाच मिनिटं नुसते दंड आणि अर्धगोल. मग त्या दिवसाच्या अक्षराचं एक पान, चाळीस वेळा, सावकाश. त्यातली चांगली तीन पेन्सिलने गोल करा आणि एकच दोष निवडून समासात लिहा: ‘वाटी चपटी’, ‘दंड डावीकडे कलला’, जे असेल ते. पुढच्या अर्ध्या पानात फक्त तेवढा दोष काढायचा, बाकी काही सुधारायला जायचं नाही. उरलेल्या वेळात दहा सेंटिमीटरच्या चौकोनात त्याच अक्षराची एक मांडणी. इथे आखणी सोडायची मोकळीक आहे: अक्षर उलटं, कापलेलं, एकावर एक रचलेलं, काहीही.

दर सहाव्या दिवशी ‘वळणदार’ हा शब्द लिहून तारीख घाला. त्यात व ची वाटी आहे, ळ च्या दोन गोलांचा तोल आहे, ण चे दोन दंड आहेत, द चं शेपूट आणि र चा पाय आहे. सहा कागद शेजारी ठेवले की प्रगती कुणाला विचारावी लागत नाही. बहुतेकांचं साधारण अठराव्या दिवसाच्या आसपास अक्षर बिघडल्यासारखं वाटतं. डोळा हाताच्या पुढे गेलेला असतो, म्हणून कालपर्यंत न दिसलेले दोष दिसू लागतात. त्या दिवशी नवीन अक्षर घेऊ नका, व कडे परत जा.

दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन अक्षरं करून भरपाई करू नये. छत्तीसचे चाळीस दिवस झाले तरी चालतील. घाईत उरकलेली चाळीस अक्षरं हाताला चुकीची सवय लावतात.

दुसऱ्या फेरीत बाराखडी आणि जोडाक्षरं घ्या, आणि तिथे रंग आणा. दोन पॅरलल पेनांत वेगवेगळे रंग भरून टोकांचे कोपरे एकमेकांना टेकवले की वरच्याची शाई खालच्यात उतरते आणि लिहिताना लालाचा हळूहळू काळा होत जातो. हे फक्त याच पेनचं वैशिष्ट्य म्हणता येईल इतकं सुरेख होतं.

बोरू मात्र टाकून देऊ नका. पॅरललची निब दाबाला प्रतिसाद देत नाही. बोरूचं टोक कागदावर किंचित दबतं, शाई संपत आली की रेघ विरळ होत जाते, आणि त्या विरळ होण्यातच अक्षराला जीव येतो. सुलेखनकार अच्युत पालव यांच्या कामातले मोठे, वेगवान फराटे पाहिलेल्या कुणालाही पॅरललची रेघ त्यापुढे जरा कोरडी, शिस्तीची वाटेल. मोडी लिहायची असेल तर बोरूच हवा, त्या लिपीचा वेग आणि गोलाई धातूच्या सरळ टोकाला मानवत नाही. म्हणून आठवड्याचे सहा दिवस पॅरलल आणि सातव्या दिवशी, वेळ असेल तेव्हा, त्याच अक्षरांचं एक पान बोरूने, अशी वाटणी करावी.

किमतीत हे पेन बोरूच्या कितीतरी पट महाग आहे, तरी रोज वापरणार असाल तर पैसे वसूल होतात. महिन्यातून दोनदा लिहिणार असाल तर घेऊ नका. पडून राहिलं की शाई फटीत सुकते. फेरी संपल्यावर काही आठवडे खंड पडणार असेल तर कार्ट्रिज काढा, रबरी फुग्याने साधं पाणी स्वच्छ येईपर्यंत आठ-दहा वेळा खेळवा, टोक खाली करून फडक्यावर रात्रभर निथळू द्या आणि मगच टोपण लावा.