जुनी मस्टँग: आधी गिअरबॉक्स की आधी सस्पेन्शन?

१९६६ची फोर्ड मस्टँग, २८९ क्युबिक इंचाचं व्ही-८ इंजिन, रोज रस्त्यावर फिरणारी. पैसे एकाच कामापुरते आहेत.

फाइव्ह-स्पीड टी-५ गिअरबॉक्सचा मोह मला समजतो. मूळच्या फोर-स्पीडचा टॉप गिअर १:१, म्हणजे इंजिनाचा एक फेरा तर गिअरबॉक्समधून बाहेरही एकच. मागे ३.५५ गुणोत्तराचा अ‍ॅक्सल (चाकाच्या एका फेऱ्याला ३.५५ फेरे) आणि २६ इंची टायर असेल, तर ताशी ११० किमीला इंजिन सुमारे ३१०० आरपीएमवर ओरडत असतं. टी-५च्या ०.६८ ओव्हरड्राइव्हने (इंजिनाचे फेरे कमी करणाऱ्या पाचव्या गिअरने) तेच २१०० वर येतं. रोज हायवे असेल तर यासारखं सुख नाही. पण क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सखालचा आधार), बेलहाउसिंग (इंजिन-गिअरबॉक्स जोडणारं कव्हर) असं करत खर्च वाढतच जातो.

सस्पेन्शनचा 'शेल्बी ड्रॉप' त्यामानाने जवळजवळ फुकट! १९६५च्या शेल्बी जीटी३५० मस्टँगवर हेच केलं होतं: पुढच्या चाकाला धरणाऱ्या वरच्या कंट्रोल आर्मसाठी नवी भोकं पाडून तो एक इंच खाली घ्यायचा. वळणावर गाडी कलली की बाहेरचं चाक आधीसारखं बाहेर झुकत नाही, टायर रस्ता धरून ठेवतो. भोकांच्या जागा दाखवणारं टेम्प्लेट घट्ट बसवूनच ड्रिल लावा, घाई नको. नंतर चाकांची अलाइनमेंट हवीच. सोबत चांगले शॉक अ‍ॅब्सॉर्बर टाका.

मी आधी सस्पेन्शनच करेन. घाटरस्त्यावर स्टिअरिंग हातात धरलं की पहिल्याच वळणाला फरक कळतो.