मिथेनॉलवर चालणारा छोटा हायड्रोजन रिफॉर्मर: ८ महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगतो, हा रिफॉर्मर, म्हणजे मिथेनॉल आणि वाफेतून हायड्रोजन काढणारं यंत्र, ही काही दुकानात खोक्यात मिळणारी वस्तू नाही. पुण्यात आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये फ्युएल सेलच्या (हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या सेलच्या) टेस्टिंगला हायड्रोजन लागतो, त्यासाठी जुळवून घेतलेला सेटअप आहे. एक इंची स्टीलची नळी, भोवती भट्टी, आत १०० ग्रॅम कॅटॅलिस्ट (रिॲक्शन घडवून आणणाऱ्या गोळ्या), मागे द्रव मोजून सोडणारा डोसिंग पंप, पुढे वाफ थंड करणारा कंडेन्सर, बास. जुलैपासून वापरतोय आणि एवढ्यात कॅटॅलिस्टचे दोन बेड, म्हणजे नळीत भरलेले गोळ्यांचे थर, मारून झालेत. गंमत म्हणजे दोन्हीपैकी एकही चालू असताना मेला नाही, एक बंद होताना गेला आणि एक सुरू करताना. म्हणूनच लिहायला बसलोय, कारण पेपर वाचा नाहीतर कॅटलॉग बघा, सगळे फक्त चालू असतानाचे आकडे देतात.

हा खटाटोप कशासाठी ते सांगतो. आधी सिलिंडर आणायचो. ७ घनमीटरच्या त्या अवजड सिलिंडरमध्ये हायड्रोजन असतो जेमतेम ६०० ग्रॅम, आणि आमची लॅब दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मिथेनॉल आणि वाफ तांब्याच्या कॅटॅलिस्टवरून नेली की मिथेनॉलच्या एका रेणूमागे हायड्रोजनचे तीन रेणू सुटतात, त्यातला एक तर पाण्याकडून आलेला असतो. हिशेब केला तर एक लिटर मिथेनॉलमधून जवळपास १५० ग्रॅम. म्हणजे चार लिटरचा कॅन म्हणजे एक सिलिंडर! हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा आमच्या लॅबचे मामा म्हणाले, मग इतकी वर्षं माझी कंबर कशाला मोडली?

चालू असताना मात्र तक्रारीला जागा नाही. एक लिटर मिथेनॉलला साधारण ६७० मिली डिस्टिल्ड वॉटर मिसळायचं, मिनिटाला १ मिली सोडायचं, भट्टी २५० डिग्रीच्या आसपास ठेवायची, की मिनिटाला एक लिटरच्या थोडा वर हायड्रोजन येत राहतो. आवाज नाही, काही नाही. एकच फसगत होते. ही रिॲक्शन उष्णता खाते, त्यामुळे नळीच्या बाहेरचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) २६० दाखवतो तेव्हा बेडच्या पोटात २३५ च असतात. पहिला महिना मी बाहेरच्या आकड्यावर विसंबून कन्व्हर्जन (किती मिथेनॉल खरंच बदललं ते) कमी का येतंय म्हणून डोकं खाजवत होतो. आत थर्मोकपल घालाच, पैसे वाचवू नका.

तापमान वाढवून काम भागवायचं तर तेही होत नाही. आमच्या जीसीवर (वायूंचं मिश्रण तपासणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवर) २४० ला कार्बन मोनॉक्साईड ०.८ टक्के दिसायचा, २८० ला २ च्या जवळ गेला. साध्या पेम (पातळ पडद्याच्या, कमी तापमानाच्या) फ्युएल सेलला १० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत दहा भागसुद्धा जड जातो, प्लॅटिनमला चिकटून बसतो तो. आमचा सेल फॉस्फोरिक ॲसिडवाला, १६० डिग्रीला चालणारा, म्हणून निभावतं. तुमचा साधा असेल तर पुढे गॅस साफ करायची वेगळी सोय लागेल आणि मग हा सेटअप 'छोटा' राहत नाही. आणि ३०० च्या वर तर जायचंच नाही, तांब्याचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, गेलेला पृष्ठभाग परत येत नाही.

आता पहिला बेड. सप्टेंबरात दुपारी लाईट गेली, मी कँटीनला. पंप बंद, भट्टी बंद, नळीत वाफ तशीच. ती थंड होऊन कॅटॅलिस्टवरच पाणी झाली आणि गोळ्या भिजल्या. दुसऱ्या दिवशी सुरू केलं तर प्रेशर चढत चाललेलं, कारण आत गोळ्यांचा भुगा. बरं, तो बाहेर काढतानाही शहाणपणा केलाच. चालून आलेलं तांबं हवेला किती भुकेलं असतं ते पुस्तकात वाचलेलं होतं, तरी ट्रेमध्ये ओतलं, आणि दोन मिनिटांत ट्रेला हात लावता येईना. खाली कागद होता तो करपला. मामांनी वाळू टाकली म्हणून बरं. आता काढायच्या आधी थंड करून नायट्रोजनमध्ये किंचित हवा सोडत सोडत तासन्‌तास घालवतो, कंटाळा येतो पण इलाज नाही.

दुसरा बेड तर निव्वळ घाईचा बळी. नवीन कॅटॅलिस्ट काळा असतो, म्हणजे तांब्याचा ऑक्साईड, तो आधी हायड्रोजनने रिड्यूस करावा लागतो, म्हणजे ऑक्सिजन काढून तांबं मोकळं करायचं, आणि हे काम उलट उष्णता सोडणारं. नायट्रोजनमध्ये ५ टक्के हायड्रोजन, हळूहळू तापवत जायचं, अख्खा दिवस जातो. दुसऱ्या दिवशी सरांना डेमो दाखवायचा होता म्हणून मी हायड्रोजन वाढवला आणि आतला थर्मोकपल बघता बघता ३८० वर. डेमो झाला, पण अर्धं मिथेनॉल तसंच्या तसं कंडेन्सरमध्ये येत होतं. सर काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

पाण्याचंही एक. डिस्टिलेशनचं युनिट बिघडलं तेव्हा मी कूलरचं आरओ पाणी वापरलं. आठवडाभरात पाण्याची वाफ करणाऱ्या व्हेपरायझरची कॉइल पांढऱ्या थराने चोक. अशा पाण्यात उरणारं क्लोराईड तर या कॅटॅलिस्टचा वैरीच, वेळीच सापडलं म्हणून वाचलो.

मिथेनॉलबद्दल हलक्यात घेऊ नका. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने १०० च्या वर माणसं गेली ती याच्यामुळेच. दिसायला पाण्यासारखं, ज्योत उजेडात दिसत नाही, विकत आणायला परवान्याची कटकट. आमच्याकडे कॅन कुलपात असतो आणि किल्ली दोघांकडेच. कार्बन मोनॉक्साईडचा अलार्मही भिंतीवर हवाच, कारण वास नसतो.

कोणी ग्रीन हायड्रोजन म्हणून याच्याकडे बघत असेल तर थांबा, किलोभर हायड्रोजनमागे सव्वासात किलोच्या वर कार्बन डायऑक्साईड नळीतूनच बाहेर पडतो, मिथेनॉल बनवतानाचा वेगळा. फॉर्मिक ॲसिडही करून बघितलं, तेच रबराचा चीक गोठवायला वापरतात ते. पॅलेडियमवर साध्या तापमानाला बुडबुडे येतात, भट्टीची भानगडच नाही, पण वजनाच्या ४.४ टक्केच हायड्रोजन आणि पॅलेडियमची किंमत ऐकून सरांनी विषय बदलला.

सध्या तिसरा बेड चालू आहे, ४१० तास झाले, मोनॉक्साईड ०.९ वर टिकून. बदल एकच केला, नायट्रोजनच्या लाईनला असा सोलेनॉइड (विजेवर चालणारा) व्हॉल्व्ह लावला की लाईट असेपर्यंत बंद, लाईट गेली की आपोआप उघडा, म्हणजे वाफ नळीत थांबतच नाही. अख्ख्या सेटअपमधला सगळ्यात स्वस्त पार्ट तो. गेल्या महिन्यात चारदा लाईट गेली, तेव्हा चारही वेळा मी कँटीनलाच होतो.