झिरो नायट्रो ग्लो इंधन: वर्धा जिल्ह्यात आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

ऑक्टोबरात सोयाबीन निघालं तेव्हा माझ्या रिमोटच्या मॉडेल विमानासाठी या इंधनाचा पाच लिटरचा कॅन आणला होता. ग्लो म्हणजे ठिणगीऐवजी प्लगच्या तापलेल्या तारेने मिथेनॉल पेटवणारं छोटं इंजिन. आता मे संपत आला आहे. तळाला लिटरभर उरलंय, म्हणून लिहायला बसलो.

इंजिन 46 साईझचं टू-स्ट्रोक, म्हणजे साधारण साडेसात सीसी. विमान लाकडी हाय-विंग ट्रेनर, म्हणजे पंख वरच्या बाजूला असलेलं शिकाऊ मॉडेल. इंधन 80 टक्के मिथेनॉल आणि 20 टक्के एरंडेल, ताकद वाढवायला घालतात ते नायट्रोमिथेन अजिबात नाही. जागतिक स्पर्धांमध्ये कंट्रोललाईन स्पीडच्या (तारेला बांधून गोल फिरवत वेग मोजतात त्या) विमानांना हेच मिश्रण ठरवून दिलेलं असतं, त्यामुळे याला हलक्या दर्जाचं समजू नका.

आधी मी 10 टक्के नायट्रोवर उडवत होतो. ते मिळणं अवघड होत गेलं. नायट्रोमिथेन स्फोटकं बनवायलाही वापरता येतं, म्हणून जगभर त्याच्यावर नजर असते. युरोपीय संघात 1 फेब्रुवारी 2021 पासून 16 टक्क्यांहून जास्त नायट्रोमिथेन असलेलं मिश्रण सामान्य माणसाला परवान्याशिवाय मिळत नाही. त्याआधी ही मर्यादा 30 टक्के होती. आपल्याकडे अडतं ते मिथेनॉलपाशीच. पॉयझन्स ॲक्ट 1919 खाली ते विष म्हणून धरलं जातं. विकणाऱ्याला परवाना लागतो, रजिस्टर ठेवावं लागतं, घेणाऱ्याचं नाव आणि कारण लिहून घ्यावं लागतं. नागपुरात एका केमिकलच्या दुकानात सुटं मिथेनॉल मागितलं तर मालकाने सरळ हात जोडले. तेव्हा राग आला होता. आज वाटतं, त्याचं बरोबर होतं.

कारण सांगतो. नोव्हेंबरात वावराच्या धुऱ्यावर इंजिन चालू करत होतो. आमच्या गड्याने कॅनचं झाकण उघडून नाकाशी नेलं आणि म्हणाला, "भाऊ, हे तं प्यायचंच दिसून राहिलं." बोलणं सहज होतं, पण माझ्या पोटात गोळा आला. आमचा जिल्हा दारूबंदीचा आहे. बंदी आहे म्हणून पिणारे संपलेले नाहीत, लपूनछपून काय मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे. मिथेनॉलचा वास दारूच्या इतका जवळचा की अंधारात कुणीही फसेल. पोटात गेलं की शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं आणि ते थेट डोळ्यांच्या नसेवर जातं. दहा-पंधरा मिली पुरतात नजर जायला. वाईट म्हणजे लक्षणं उशिरा येतात. आधी नुसती साधी नशा, मग बारा-चोवीस तासांनी डोळ्यांसमोर धुकं. तोपर्यंत माणूस घरीच झोपून असतो. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसं गेली ती याच मिथेनॉलने. आणि आपल्या भागात 2017 चं यवतमाळ कोण विसरेल? तिथे फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर गेले. वावरात विषाचे डबे सांभाळायची शिस्त आपल्याला जड जाते, हे मान्य करायलाच हवं.

त्या संध्याकाळीच कॅन लोखंडी पेटीत गेला. पेटी गोठ्यापासून लांब, कुलूप लावून, किल्ली माझ्या कमरेला. कॅनवर लाल ऑइलपेंटने "जहर. डोळे जातात." असं लिहिलं आणि गड्याला उभं करून वाचून दाखवलं. पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत हे इंधन एक थेंबही ओतू नका, उरलेलं सुद्धा नाही. कुणाच्या पोटात गेलंच तर वाट न बघता दवाखान्यात न्या आणि "मिथेनॉल" हा शब्द डॉक्टरांना आधी सांगा. उतारा आहे, पण वेळ गाठली तरच.

आता चालण्याबद्दल. पहिले पंधरा दिवस मी वैतागलो होतो. आयडलवरून थ्रॉटल दिला की इंजिन गुदमरायचं. मग गरम ग्रेडचा प्लग लावला, हेडखालची एक पातळ शिम (पत्र्याची चकती) काढून कॉम्प्रेशन थोडं वाढवलं आणि इंधन कमीजास्त करणारी नीडल आधीपेक्षा पाव फेरा आत घेतली. त्यानंतर सुरळीत. ताकद किंचित कमी वाटते, पण ट्रेनरला पुरून उरते. नायट्रो नसल्याने इंधन कमी जातं. त्याच टाकीत दीड-दोन मिनिटं जास्त मिळतात. एरंडेलाची तपकिरी पापडी मफलरवर बसते, ती दर महिन्याला घासावी लागते. बेअरिंग मात्र अजून गुळगुळीत फिरतं. उडवून झालं की टाकी रिकामी करून इंजिनात उरलेलं इंजिन चालवूनच संपवतो, मग आत गंज धरू नये म्हणून कार्बुरेटरमधून आफ्टर-रन तेलाचे चार थेंब.

मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की साडेसहाच्या आत उडवून मोकळं व्हायचं. मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही. एकदा सांडलेलं इंधन पेटलं आणि मला कळलं ते हाताला चटका बसल्यावर. तेव्हापासून ओलं पोतं आणि पाण्याची बादली जवळ असते. मिथेनॉल पाण्यात मिसळतं, त्यामुळे भरपूर पाणी ओतलं की विझतं.

आणण्याची अडचण खरी मोठी. कुरिअरवाले घेत नाहीत, त्यांचंही बरोबर. रेल्वेत ज्वालाग्राही माल नेणं रेल्वे कायदा 1989 च्या कलम 164 खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून मी विक्रेत्याकडून पक्कं बिल घेऊन स्वतःच्या गाडीने आणलं. वाटेत एका नाक्यावर थांबवलं. कॅन हुंगला, "अल्कोहोल" हा शब्द ऐकला आणि दीड तास तिथेच. डिक्कीत विमानाचा पंख होता, बिल होतं, म्हणून सुटलो. तो दीड तास मला टोचतो, खोटं सांगणार नाही. छंदासाठी इतकं इंधन जवळ ठेवायला काय लागतं, हे एका कागदावर मराठीत कुठेतरी लावलेलं असायला हवं. पेट्रोलचं बघा: विकायचं नसेल तर 30 लिटरपर्यंत परवाना लागत नाही, काचेचा डबा एक लिटरच्या वर नको आणि धातूचा 25 लिटरच्या वर नको, असं पेट्रोलियम ॲक्ट 1934 मध्ये स्वच्छ लिहिलंय. मिथेनॉलबाबत इतकं सोपं उत्तर मला एकाही खिडकीवर मिळालं नाही.

नव्याने सुरू करणाऱ्या पोरांना मी ग्लो सुचवणार नाही. बॅटरीवर शिका. ज्यांच्याकडे ग्लो इंजिन आधीपासून आहे आणि घरात कुलपाची जागा आहे, त्यांनी हे इंधन डोळे झाकून घ्यावं. तयार मिश्रणच घ्या. स्वस्त पडतं म्हणून सुटं मिथेनॉल शोधत फिरू नका.

मिथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. मागच्या वर्षी अर्धा कॅन पावसाळाभर ठेवला आणि दिवाळीत इंजिन सुरूच होईना. यंदा उरलेलं लिटरभर मृगाच्या आत संपवायचं आहे. म्हणजे अजून तीन सकाळी.